लिहून देणार, लिहून घेणार आणि लिहिणारा

निफाड तालुक्यातल्या एका पक्षकाराने मागे मला त्याच्या पणजोबांचं खरेदीखत दाखवायला आणलं होतं. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, घडीवर विरलेलं. देणाऱ्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी छोटा नांगर काढलेला आणि शेजारी ‘निशाणी नांगर’ असे शब्द. खाली साक्षीदार. आणि अगदी शेवटी ‘बिकलम’ म्हणून एक नाव, म्हणजे ज्याच्या लेखणीतून तो कागद उतरला त्याचं. गावातले सगळे साक्षीदार मरून कित्येक वर्षं झाली, तरी तो दस्त कोणी लिहिला हे मला बसल्या जागी वाचता आलं.

त्याच आठवड्यात माझ्याकडे दुसरा दस्त आला. संगणकावर टाइप केलेलं, नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र, चौदा पानांचं. गोषवाऱ्यात लिहून देणाऱ्या तीन बहिणींचे फोटो आणि अंगठे, लिहून घेणाऱ्या भावाचा फोटो आणि अंगठा. दोन ओळखदार, त्यांचेही फोटो, त्यांचेही अंगठे. ‘मी या बाईंना ओळखतो’ एवढंच सांगायला आलेल्या माणसाचा अंगठा सरकारदरबारी कायमचा जमा झाला. पण ती चौदा पानं ज्याने रचली, बहिणींचा वाटा कोणत्या शब्दांत सुटला हे ज्याने ठरवलं, त्याचं नाव पहिल्या पानावर नाही, शेवटच्या पानावर नाही, कुठेच नाही.

मी नाशिकच्या न्यायालयात दिवाणी बाजूला वकिली करते. आमच्याकडे एक जुनं भांडण आहे, अधूनमधून पेटतं आणि विझतं. वकील म्हणतात, वकिलीची सनद नसलेल्यांनी दस्त लिहू नयेत. दस्तलेखक, मुद्रांक विक्रेते, टायपिंगवाले म्हणतात, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच करतोय, तुमच्या ज्युनियरला चलन कसं भरायचं हेसुद्धा आम्हीच शिकवतो. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास हाकेच्या अंतरावर न्यायालय आहे, जिल्हाधिकारी कार्यालय आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसं रोज एकाच टपरीवर चहा पितात आणि एकमेकांबद्दल हेच बोलतात. मला या भांडणात माझ्या व्यवसायबंधूंची बाजू पूर्ण घेता येत नाही, आणि समोरच्यांचीही नाही. दस्त कोणी लिहावा यावर आपण भांडत बसलो आहोत. ज्याने लिहिला त्याला पुढे जबाबदार कोण धरणार, हे मात्र कोणीच विचारत नाही.

आधी कायद्याचं पाहू, कारण वकील मंडळी पहिला दाखला तिथलाच देतात. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २९ प्रमाणे वकिली करण्याचा हक्क फक्त अधिवक्त्यांचा. कलम ३३ तेच न्यायालयं आणि प्राधिकरणांपुरतं पक्कं करतं, आणि कलम ४५ मध्ये हक्क नसताना त्यांच्यापुढे वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं का? परदेशी वकील कंपन्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की मसुदा करणं आणि सल्ला देणं हीही वकिलीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात त्यावर शिक्का मारला. दस्तलेखकांच्या विरोधात हे निकाल हमखास पुढे केले जातात. पण ते आले ते लंडन-न्यूयॉर्कच्या कंपन्यांमुळे. दिंडोरीच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस त्या न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर नव्हता. आणि नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये दस्त वकिलानेच लिहिलेला असावा अशी अट नाही. शेतकऱ्याने स्वतःचं खरेदीखत स्वतःच्या हाताने लिहून आणलं, तर ते कायद्याने नोंदवावंच लागेल.

शिवाय वकील नसलेल्या माणसाला आपल्या व्यवस्थेने अनेक ठिकाणी दार उघडलेलं आहे. ग्राहक मंचापुढे वकील नसलेला प्रतिनिधी बाजू मांडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केलं. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. विधी सेवा प्राधिकरणाने स्वतःच विधी स्वयंसेवक नेमले आहेत, त्यात शिक्षक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. ‘कायद्याच्या कागदाला वकिलाशिवाय कोणी हात लावायचा नाही’ हे वाक्य आपल्या देशात कधीच पूर्ण खरं नव्हतं.

माझ्या व्यवसायाला बोचेल असं आणखी एक बोलते. सुरगाण्याहून एसटीने आलेल्या बाईला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र हवं असेल, तर तिला वकिलाची गरज काय? तिला तिची कोकणा बोली समजणारा, दहा मिनिटांत कागद करून देणारा, परतीची गाडी चुकू न देणारा माणूस हवा. तो तिला टायपिंगच्या टेबलावर मिळतो, आमच्या चेंबरमध्ये मिळत नाही. दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तरी तिच्या हातात मुद्रांक ठेवला जातो, आधी शंभराचा होता आणि २०२४ पासून पाचशेचा. ‘बाई, हा लागत नाही’ असं तिला मुद्रांक विक्रेता सांगत नाही, कारण त्याचा धंदा त्यावर आहे. आम्हीही सांगत नाही, कारण ती आमच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणजे साध्या कागदांपुरता तो लेखनिक समाजाला लागतो. इथपर्यंत मी त्याच्या बाजूची आहे.

आता त्या हक्कसोडपत्राकडे येते. (ओळख पटू नये म्हणून गाव आणि तपशील थोडे बदलले आहेत.) वडील गेल्यावर तिघी बहिणींना भावाने बोलावून घेतलं. ‘वारस नोंद करायची आहे, सह्या लागतील.’ वारस नोंद झालीच पाहिजे, त्याशिवाय सात-बाऱ्यावर नावं कशी चढणार, हे त्यांना माहीत होतं. त्या आल्या. कार्यालयाबाहेर कागद तयारच होते. आत गर्दी, सर्व्हर बंद, दोन तास बाकावर. नंबर लागला तेव्हा विचारलं, ‘लिहून दिलंय ना? कबूल?’ त्या म्हणाल्या, ‘हो.’ कॅमेऱ्याकडे बघितलं, अंगठा टेकवला. भावाने हॉटेलात जेवायला नेलं, साड्या घेतल्या आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. दस्तात लिहिलेलं होतं की लिहून देणार यांनी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता आपला संपूर्ण हक्क कायमचा सोडला आहे, दस्त वाचून पाहिला आहे आणि समजून घेतला आहे. धाकटीला दोन वर्षांनी जमिनीचा काही भाग विकला गेल्यावर कळलं की सात-बाऱ्यावर आपलं नाव नाही आणि कधी येणारही नाही.

महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला १९९४ मध्ये, तोही तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना. देशाने सगळ्याच हिंदू मुलींना तो दिला २००५ मध्ये. त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. तीन टप्प्यांत, पंचवीसएक वर्षांत उभा राहिलेला हा हक्क माझ्या जिल्ह्यात एका दुपारी सुटतो, आणि ज्या शब्दांनी सुटतो ते शब्द कुठल्या तरी संगणकात साठवलेल्या जुन्या नमुन्यातले असतात. नावं आणि गट नंबर तेवढे बदलायचे. ‘समजून घेतला आहे’ हे वाक्यही त्या नमुन्यातच आधीपासून लिहिलेलं असतं.

इथे कोणी म्हणेल, दुय्यम निबंधकाने विचारायला हवं होतं. त्याचं काम तेवढं नाही. देणारा तोच आहे का, त्याने लिहून दिल्याचं तो कबूल करतो का, हे त्याने पाहायचं. मालकी हक्क खरा की खोटा हे तपासायचा त्याला अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तामिळनाडूचा एक नियम रद्द करताना पुन्हा सांगितलं. नोंदणीचं एक टक्का शुल्क, कमाल मर्यादा तीस हजार, वर प्रत्येक पानामागे हाताळणी शुल्क, एवढं घेऊनही कागदात काय लिहिलंय याची हमी सरकार देत नाही. मग ती हमी येते कुठून? फक्त लिहिणाऱ्याकडून. आणि त्याचं तर नावच नाही.

हे हक्कसोडपत्र माझ्यासारख्या वकिलाने लिहिलं असतं तर बहिणी वाचल्या असत्या का? मला छातीठोकपणे हो म्हणता येत नाही. भाऊ फी देऊन आला असता, तर आमच्यातल्याही कित्येकांनी त्याला हवं तेच लिहून दिलं असतं. फरक पुढे पडतो. वकिलाने गैरवर्तन केलं तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते, सनद जाऊ शकते. लेखनिकाच्या बाबतीत अशी जागाच नाही. पण वकिलाचंही नाव दस्तावर नसेल, तर ते कलम ३५ कोणाला लावणार?

आणि जबाबदारी टाळण्यात आम्ही मागे नाही. नोटरी होतो तो वकीलच, लेखनिक नव्हे. शहराच्या कडेला गुंठा-दोन गुंठ्यांचे जे प्लॉट ‘नोटरी करून’ विकले गेले, त्या प्रत्येक कागदावर आमच्यापैकी कोणाचा तरी लाल शिक्का आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे त्याच्या कलम ५४ मध्ये तेव्हापासून आहे. मुखत्यारपत्र आणि करारनाम्यांच्या जोरावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठणकावून सांगितलं. तरी मजुरी करून पै-पै साठवलेला माणूस मला तो शिक्का दाखवून विचारतो, ‘मॅडम, सरकारी शिक्का आहे की, मग घर माझं नाही कसं?’ पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी जमिनींचंही तेच. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, म्हणून साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र असा जोडकागद निघतो. तो कागद टायपिंगच्या टेबलावर तयार होतो आणि वकिलाच्या टेबलावर शिक्का घेतो. भांडणारे दोन्ही पक्ष त्या कागदापुरते भागीदार असतात.

कागदाबद्दल आपण किती दक्ष आहोत, हे नाशिककरांनी तरी विसरू नये. देशाचे मुद्रांक नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापले जातात. तेलगीचा बनावट मुद्रांक घोटाळा २००१ नंतर उघडा पडला, तेव्हा त्या छापखान्यापर्यंत धागे आले आणि सगळा देश हादरला. त्यानंतर फ्रँकिंग आलं, ई-चलन आलं, प्रत्येक रुपयाला क्रमांक आला. खरं आहे, सरकारचा महसूल बुडत होता. बहिणीचा हिस्सा बुडाल्यावर सरकारचा महसूल बुडत नाही, म्हणून त्या चौदा पानांना कोणी क्रमांक दिला नसावा.

लिहिणाऱ्याला जबाबदार धरण्याची कल्पना मी काही नव्याने काढत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि मग ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं. त्या दंग्यांत माणसं मारण्यावर भर नव्हता. शेतकऱ्यांनी रोखे मागून घेतले आणि जाळले. ज्या कागदावर आपण निशाणी केली त्यात काय लिहिलंय हे आपल्याला कधीच कळलं नाही, हा राग त्यामागे होता. इंग्रज सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक तरतूद मला फार मोलाची वाटते. शेतकऱ्याने करून द्यायचा कर्जाचा कागद गाव-निबंधकाने स्वतः लिहायचा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यायचा आणि त्यावर साक्ष घालायची. लिहिणारा सावकाराच्या पगारावर नको, एवढं त्या परक्या सरकारला कळलं होतं. कायदा सुरुवातीला लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगरला, नाशिक त्यात नव्हतं, आणि पुढे ती व्यवस्थाही मोडीत निघाली. पण दीडशे वर्षांपूर्वी या मातीत तो प्रश्न बरोबर विचारला गेला होता.

आजही विचारला जातो, दुसरीकडे. केरळमध्ये १९६० पासून दस्तलेखकांना परवाना देणारे नियम आहेत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या जॅक्सनव्हिल शहरात रोझमेरी फर्मन नावाची बाई पन्नास डॉलरमध्ये गरीब बायकांचे घटस्फोटाचे अर्ज तयार करून द्यायची. वकील संघटनेने तिला न्यायालयात खेचलं, १९७९ मध्ये मनाई हुकूम झाला, १९८४ मध्ये तुरुंगवासाची वेळ आली आणि राज्यपालांना मध्ये पडावं लागलं. वकिलांनी खटला जिंकला, पण परवडणारा वकील न मिळणाऱ्या बायका तिथेच राहिल्या. पुढे कॅलिफोर्नियाने वेगळा रस्ता धरला. असे कागद तयार करणाऱ्याने काउंटीकडे नोंदणी करायची, २५,००० डॉलरचा हमीरोखा द्यायचा आणि आपण वकील नाही हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. ॲरिझोनात २००३ पासून तिथलं सर्वोच्च न्यायालयच अशांना प्रमाणपत्र देतं.

आपल्याकडे मला हवंय ते याहून साधं आहे. नोंदणीला येणाऱ्या प्रत्येक दस्तावर तो लिहिणाऱ्याचं नाव, सनद किंवा परवान्याचा क्रमांक आणि त्याने घेतलेली फी असावी. वकील असो, लेखनिक असो, बिल्डरचा कारकून असो. स्वतः लिहिला असेल तर तसं नोंदवावं. खोटं नाव कोणी टाकेल ही शंका बरोबर आहे, म्हणून ओळखदाराची पडताळणी होते तशीच लिहिणाऱ्याचीही व्हावी. प्रतिज्ञापत्र, ठरलेल्या नमुन्यातला भाडेकरार, डेटा एंट्री, चलन, ही कामं परवानाधारक लेखनिकाने खुशाल करावीत, त्यात वकिलांनी आडवं येऊ नये. ज्या कागदाने कोणाचा तरी हक्क कायमचा जातो, म्हणजे हक्कसोड, वाटणी, विक्रीचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र, तो मात्र वकिलाने सहीनिशी लिहावा. आणि हक्क सोडणाऱ्या बाईला, ज्याला समोरच्या बाजूने फी दिलेली नाही अशा दुसऱ्या वकिलाने तो दस्त एकटीला बसवून वाचून दाखवावा.

त्याचे पैसे कोण देणार, असं मला सहकारी विचारतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ वाचा. स्त्रीला, आदिवासीला, अनुसूचित जातीच्या माणसाला मोफत विधी सेवेचा हक्क आहे, आणि त्या कायद्यातल्या ‘विधी सेवा’ या शब्दात कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणंही येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने नोंदणी कार्यालयात आठवड्यातून दोन दिवस एक टेबल लावलं तरी सुरुवात होईल. आमच्यातल्या नव्या वकिलांना, ज्यांना पहिली काही वर्षं सीनियरकडून जेमतेम पेट्रोलपुरते पैसे सुटतात, त्यांना मानधनाचं काम मिळेल. लेखनिकांवरचा आमच्या तरुण वकिलांचा राग पोटातून येतो, हे मला माहीत आहे आणि तो मी हलका मानत नाही. पण सुरगाण्याच्या बाईचं प्रतिज्ञापत्र हिसकावून तो शमणार नाही.

काही वकील मित्रांना वाटतं की परवाना दिला म्हणजे बेकायदा धंद्याला मान्यता दिली. मान्यता त्यांना लोकांनी कधीच दिली आहे. परवाना दिला तर तो काढून घेता येईल. लेखनिक मित्रांना वाटतं की नाव घातलं तर उद्या कोर्टात साक्षीला फिरावं लागेल. हो, लागेल. दस्त रद्द करायचा दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो आणि फसवणूक सिद्ध करायची जबाबदारी त्या बहिणीवर असते. खोलीत काय बोलणं झालं, कोणी काय सांगून काय लिहवून घेतलं, हे भाऊ आणि बहीण सोडून तिसऱ्या ज्या माणसाला ठाऊक असतं तो म्हणजे लिहिणारा. निफाडच्या त्या खरेदीखतावर वाद झाला असता, तर त्या काळच्या वकिलाने ‘बिकलम’ वाचून त्याला समन्स काढलं असतं.

धाकट्या बहिणीचा दावा मी लावला आहे. भावाने लेखी जबाबात म्हटलंय की दस्त वाचून दाखवला होता. कोणी वाचून दाखवला, ते त्यात नाही. कार्यालयाबाहेर मी दोनदा जाऊन आले. ज्या टेबलावर तो टाइप झाला असं ओळखदारांपैकी एकाला आठवतं, तिथे आता दुसरा मुलगा बसतो. पुढच्या तारखेला साक्षीदारांची यादी द्यायची आहे, आणि तिच्यात एक जागा अजून रिकामी आहे.